हसरा मुष्टियोद्धा : जॅक जॉन्सन

मुष्टियुद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महंमद अली उभा राहतो. जून २०१६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या लुईव्हिल गावात लोकांनी शववाहिकेवर एवढी फुले टाकली की गाडीची पुढची काचही त्यात झाकली. तो मान त्याचाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण अली विश्वविजेता झाला त्याच्या पंचावन्न वर्षे आधी आणखी एक जण विश्वविजेता होऊन गेला होता. लढता लढता प्रतिस्पर्ध्याला डिवचणे, भारी कपडे, भारी मोटारी, सरकारशी वाकडे, आणि त्यापायी ऐन उमेदीची वर्षे वाया जाणे, हे सारे त्याने आधीच भोगून ठेवले होते. त्याचे नाव जॅक जॉन्सन. हेवीवेट गटातला जगातील पहिला कृष्णवर्णीय विजेता. अलीला त्याची गोष्ट ठाऊक होती आणि ती आपलीच गोष्ट आहे असे त्याला वाटे.

जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ चा, अमेरिकेतील टेक्सास राज्यात गॅल्व्हेस्टन या बंदरात. आईवडील दोघेही गुलामगिरीत वाढलेले. टेक्सासातील गुलाम मुक्त झाल्याची घोषणा १९ जून १८६५ रोजी याच गॅल्व्हेस्टनमध्ये झाली होती. म्हणजे हा मुलगा जन्मला तेव्हा त्या स्वातंत्र्याला पुरती तेरा वर्षेही झाली नव्हती. थोडी शाळा झाली आणि तो गोदीत हमालीला लागला. तिथेच हात चालवायला शिकला. त्या काळी एक ओंगळ खेळ चाले. पाचसहा काळ्या पोरांना एकदम रिंगणात सोडायचे, कधी डोळे बांधून, आणि शेवटी जो उभा राहील त्याच्यापुढे गोऱ्या प्रेक्षकांनी नाणी फेकायची. जॉन्सनने आपली पहिली कमाई अशी वेचली. पुढे तो पैसे मोजून घेण्यात फार काटेकोर झाला. त्याचे मूळ मला या नाण्यांत दिसते.

सप्टेंबर १९०० मध्ये गॅल्व्हेस्टनवर समुद्री तुफान आले. निदान सहा हजार माणसे मेली, निम्मे गाव वाहून गेले. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९०१ मध्ये, जो चॉयन्स्की नावाचा मुरलेला मुष्टियोद्धा गावात लढायला आला. वजनाने जॉन्सनपेक्षा हलका, पण तिसऱ्या फेरीत त्याने या तरण्याबांड गड्याला साफ झोपवले. बक्षिसाची झुंज टेक्सासात कायद्याने बंद होती, म्हणून पोलिसांनी दोघांनाही उचलून तुरुंगात टाकले. आणि हा तुरुंग म्हणजेच जॉन्सनची तालीम झाली! तीन आठवड्यांहून जास्त काळ दोघे एकत्र होते. अधिकाऱ्याने त्यांना सराव करू दिला, गावकरी पाहायला येऊ लागले. इतक्या चपळ माणसाने ठोसा खाताच कामा नये, हे चॉयन्स्कीने त्याला शिकवले असे सांगतात. जॉन्सनची पुढची सारी लढत या एका गोष्टीवर उभी आहे. तो अंगावर धावून जात नसे. समोरच्याचा ठोसा वाटेतच पंजाने झेलायचा, कवेत घेऊन त्याचे दंड दाबून धरायचे, आणि मग जवळूनच खालून हनुवटीवर हात आणायचा. आपल्याकडचे जुने पैलवान पाहणाऱ्याला हे लगेच कळेल. जोर करण्यापेक्षा दुसऱ्याचा जोर वाया घालवण्यात जास्त अक्कल लागते.

१९०३ मध्ये तो कृष्णवर्णीयांमधला विजेता झाला. हो, तशी वेगळी गादी होती. खरी गादी गोऱ्यांची, आणि तिच्याभोवती रंगाची रेघ ओढलेली. तेव्हाचा विजेता जिम जेफ्रीज काळ्या मुष्टियोद्ध्याशी विजेतेपद पणाला लावायला तयार नव्हता. १९०५ मध्ये तो अजिंक्य म्हणून निवृत्त झाला आणि शेतीवर लसूणघास पिकवू लागला. पुढे पदवी टॉमी बर्न्स या कॅनडाच्या माणसाकडे आली. जॉन्सन त्याच्या मागे लागला तो अगदी देणेकऱ्यामागे सावकार लागावा तसा. बर्न्स इंग्लंडात गेला, जॉन्सन इंग्लंडात. बर्न्स ऑस्ट्रेलियात गेला, जॉन्सनही पाठोपाठ बोटीने हजर. शेवटी ह्यू मॅकिंटॉश नावाच्या व्यापाऱ्याने बर्न्सची मागणी मान्य केली : तीस हजार डॉलर, हरो वा जिंको. जॉन्सनला पाच हजार. आव्हान देणाऱ्याला सहापट कमी! तरी त्याने सही केली. पंच म्हणून खुद्द मॅकिंटॉशच उभा राहिला.

२६ डिसेंबर १९०८, सिडनी. जॉन्सन पहिल्या फेरीपासून हसत होता. त्याच्या वरच्या दातांना सोने मढवलेले होते, ते उन्हात चमकत. तो बर्न्सशी बोलत होता, त्याच्या बाजूच्या माणसांशी बोलत होता, आपले पोट पुढे करून मार म्हणून खुणावत होता. चौदाव्या फेरीत पोलीस रिंगणात शिरले आणि सामना थांबला. चित्रपटाचे कॅमेरेही त्याच क्षणी बंद करण्यात आले, का तर गोरा विजेता जमिनीवर पडलेला पुढे कोणाला दिसू नये. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जॉन्सन जिंकला हे जगाने ऐकले. पाहू मात्र दिले नाही.

आता त्याच्या थाटाविषयी. हातात काठी, बोटात हिरे, सुटांची रांग, आणि मोटारी इतक्या वेगाने हाकायचा की पोलीस त्याच्या नावाच्या पावत्या फाडून थकत. चाहत्यांची एक आवडती गोष्ट अशी : एका गावात पोलिसाने त्याला अडवून पन्नास डॉलर दंड केला. जॉन्सनने शंभराची नोट दिली. सुटे परत देऊ लागताच तो म्हणाला की राहू द्या, परतताना मी याच वेगाने येणार आहे. असे घडले याचा पुरावा शोधून सापडायचा नाही, पण गोष्ट मात्र पक्की त्याचीच. हाच माणूस बास व्हायोल हे मोठे तंतुवाद्य वाजवी आणि नेपोलियनवरची पुस्तके आवडीने वाची, हे फार थोडे लोक सांगतात. उद्धट माणूस व्यासंगीही असू शकतो हे पचायला आपल्याला जड जाते.

गोऱ्या अमेरिकेला आता एकच ध्यास लागला. कोणीतरी गोरा उठावा आणि या हसणाऱ्या तोंडाला कायमचे मिटवावे. कादंबरीकार जॅक लंडननेही जेफ्रीजने शेत सोडून यावे असे वर्तमानपत्रातून आवाहन केले. ऑक्टोबर १९०९ मध्ये स्टॅन्ली केचेल हा मध्यम वजनाचा पण जिगरबाज गडी पुढे आला. बाराव्या फेरीत त्याने जॉन्सनला खाली पाडले. प्रेक्षक उभे राहिले. जॉन्सन उठला, आणि उठल्या झपाट्यात असा काही हात मारला की केचेल जागीच आडवा. चित्रफितीत जॉन्सन नंतर हातमोज्यावरून काहीतरी झटकताना दिसतो. केचेलचे दात होते म्हणतात.

मग जेफ्रीज आला. टेक्स रिकार्ड या आयोजकाने एक लाख एक हजार डॉलरचे बक्षीस लावले, साठ टक्के जिंकणाऱ्याला, चाळीस हरणाऱ्याला. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने माझी नजर आधी आकड्यावर जाते. चार वर्षांनी, १९१४ मध्ये, हेन्री फोर्डने कामगाराला रोज पाच डॉलर जाहीर केले तेव्हा जगभर गवगवा झाला. त्या दराने हे बक्षीस मिळवायला वीस हजार दोनशे दिवस राबावे लागले असते, म्हणजे रविवार सण सोडले तर साठ वर्षांच्या वर. सामना सॅनफ्रान्सिस्कोला व्हायचा होता, पण कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नराने बंदी घातली. रिकार्डने बिस्तरा उचलून नेवाडा राज्यातल्या रेनो या छोट्या गावी नेला, आणि वीसेक हजार माणसे बसतील एवढे लाकडी क्रीडांगण उठवले. जेफ्रीजने शंभर पौंडांच्या आसपास वजन उतरवले होते. सहा वर्षे मात्र काही केल्या उतरत नाहीत.

४ जुलै १९१०, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, भर उन्हाची दुपार. जेफ्रीजच्या कोपऱ्यात माजी विजेता जिम कॉर्बेट उभा राहून जॉन्सनला शिव्या हासडत होता, की तो चिडावा आणि चुकावा. जॉन्सन चिडला नाही. तो कॉर्बेटशी हसून गप्पा मारत जेफ्रीजला मारत राहिला. घाई नाही, राग नाही, एखादा कारकून शांतपणे खतावणी लिहीत बसावा तसा. पंधराव्या फेरीत जेफ्रीज आयुष्यात पहिल्यांदा रिंगणात पडला. उठला, पुन्हा पडला. तेव्हा त्याच्याच माणसांनी सामना थांबवला. पुढे जेफ्रीजने मोठ्या मनाने कबूल केले की ऐन भरात असतो तरी मला हा गडी आवरला नसता.

त्याच उन्हाळ्यात आपला गामा लंडनला गेला होता. उंची कमी म्हणून त्याला आधी स्पर्धेत घेतलेच नाही; मग त्याने आव्हान देऊन नाव कमावले आणि सप्टेंबरमध्ये झिबिस्को दुसऱ्या लढतीला मैदानातच आला नाही. गामाच्या विजयाची कौतुके आपल्याकडे घरोघर झाली. जॉन्सनच्या विजयाचे मात्र त्याच्या माणसांना काय मिळाले पाहा. सामन्याच्या बातम्या तारेने गावोगाव पोहोचत होत्या आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांपुढे माणसे दाटली होती. निकाल कळताच काळ्या वस्त्यांत लोक नाचले, ओरडले, कोणी नुसते हसले. आणि तेवढ्यावरून अनेक शहरांत गोऱ्या टोळ्या त्यांच्यावर तुटून पडल्या. वीसच्या आसपास माणसे मेली, बहुतेक काळी. शेकडो जखमी झाली. रेनोला रिंगणात मार खाल्ला एका गोऱ्या माणसाने, आणि त्याची भरपाई करावी लागली ज्यांनी जॉन्सनला कधी डोळ्यांनीही पाहिले नव्हते अशा हमालांनी, रेल्वेच्या पोऱ्यांनी, न्हाव्यांनी. जॉन्सनच्या थाटाचे कौतुक करताना हा खर्च वहीत मांडावाच लागतो. मात्र तो त्याच्या नावे मांडायचा की मारणाऱ्यांच्या, यावर माझे मत स्पष्ट आहे : मारणाऱ्यांच्या. काही दिवसांनी तो शिकागोला परतला तेव्हा स्थानकावर हजारोंची गर्दी लोटली. ज्यांनी मार खाल्ला त्यांनी त्याला दोष दिला नव्हता.

शहराशहरांनी रेनोच्या चित्रपटावर बंदी घातली. तेवढ्याने भागेना म्हणून जुलै १९१२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला, की मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे गुन्हा. हा कायदा १९४० पर्यंत टिकला. आता विचार करा, ज्या खेळाडूचा खेळ पाहायचीच सोय नाही, त्याचे चाहते काय करतील? ते गोष्टी सांगतील. वेगाच्या दंडाची गोष्ट अशीच रुजली. दुसरी टायटॅनिकची : काळा म्हणून जॉन्सनला त्या बोटीवर चढू दिले नाही आणि म्हणून तो वाचला. लेड बेली नावाच्या लोकगायकाने ती गाण्यात घातली. तिला आधार काही नाही. पण ज्यांनी रचली त्यांच्या मनाचा अंदाज करता येतो. एकदा तरी त्या रेघेने आपल्या माणसाचे भले केले, असे म्हणायला त्यांना हवे होते.

चाहत्यांच्या गोष्टींत दोन बाबी येत नाहीत, त्या इथे सांगतो. जॉन्सन ज्या रेघेविरुद्ध लढला, गादीवर बसल्यावर तीच रेघ त्याने स्वतः ओढली. सॅम लँगफोर्डला त्याने १९०६ मध्ये हरवले होते, पण लँगफोर्ड नंतर फार तयार झाला. तो, जो जीनेट, सॅम मॅकव्ही हे तिघे काळे मुष्टियोद्धे दार ठोठावत राहिले. जॉन्सनने दार उघडले नाही. गोऱ्याशी लढले की तिकिटे खपतात, काळ्याशी लढले की धोका जास्त आणि गल्ला कमी, असा हा सरळ व्यापारी हिशेब. विजेतेपदाच्या सवासहा वर्षांत तो एकाच काळ्या आव्हानवीराशी लढला, १९१३ च्या डिसेंबरात पॅरिसला, आणि तो सामना बरोबरीत सुटला. हिशेब चोख असेल, पण लँगफोर्डला जन्मभर हेवीवेट विश्वविजेतेपदासाठी लढायला मिळाले नाही.

दुसरी बाब घरातली. त्याने तीन लग्ने केली, तिन्ही गोऱ्या स्त्रियांशी. त्या काळात हे धाडस जीवावरचे होते. पण पहिली पत्नी एटा हिला तो मारहाण करी, एकदा तर तिला दवाखान्यात न्यावे लागले. काळ्यांनी ती गोऱ्याकडे गेली म्हणून, गोऱ्यांनी काळ्याकडे गेली म्हणून... छे, उलट झाले. दोन्हीकडच्यांनी तिला काळ्याची बायको म्हणूनच वाळीत टाकले. शिकागोत त्याने मोठ्या झोकात उपाहारगृह उघडले होते. सप्टेंबर १९१२ मध्ये त्याच्याच वरच्या मजल्यावर एटाने आत्महत्या केली.

सरकार संधीच पाहत होते. अनैतिक हेतूने स्त्रीला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हा १९१० च्या मॅन कायद्याने गुन्हा होता. स्त्रियांचा व्यापार रोखण्यासाठी केलेला कायदा जॉन्सनवर लावण्यात आला. ल्युसिल कॅमेरॉन या तरुणीवरून पहिला खटला रचला. तिने साक्ष द्यायला नकार दिला आणि डिसेंबरात त्याच्याशी लग्नच केले. मग जुनी मैत्रीण बेल श्रायबर हिला शोधून आणले. १९१३ मध्ये सगळ्या गोऱ्या पंचांनी त्याला दोषी ठरवले. शिक्षा एक वर्ष एक दिवस. अपील चालू असतानाच तो कॅनडामार्गे फ्रान्सला निसटला. सात वर्षे परदेशी फिरला.

५ एप्रिल १९१५ रोजी क्युबातील हवाना येथे पदवी गेली. जेस विलार्ड साडेसहा फुटी, जॉन्सन सदतीस वर्षांचा, पंचेचाळीस फेऱ्यांचा सामना. सव्विसाव्या फेरीत तो पडला. त्या क्षणाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे : पाठीवर पडलेला जॉन्सन, हात डोळ्यांवर, जणू ऊन अडवतो आहे. पुढे तो सांगू लागला की मी मुद्दाम पडलो. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना यावर वेगळे सांगायला नको. जट्टी बिद्दरू मीसे मण्णागलिल्ल, पैलवान पडला पण मिशीला माती लागली नाही. मराठीत आपण पडलो तरी नाक वर म्हणतो. जाणकारांना त्याचे म्हणणे पटत नाही. वीस फेऱ्या तो जिंकायलाच लढत होता, नंतर दम सरला.

१९२० च्या जुलैत मेक्सिकोच्या सरहद्दीवर तो स्वतःहून स्वाधीन झाला आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगात वर्षभर राहिला. तिथे त्याने नटबोल्ट आवळण्याच्या पान्यात सुधारणा केली. एप्रिल १९२२ मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले. हार्लेममध्ये त्याने नाइटक्लब काढला होता. तो एका गुंडाने विकत घेतला आणि त्याचा पुढे सुप्रसिद्ध कॉटन क्लब झाला. काळे गाणार, नाचणार, पण गिऱ्हाईक म्हणून बसणार फक्त गोरे. उतारवयात टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका स्वस्त प्रदर्शनात तो पैसे घेऊन लोकांना आपल्या आठवणी सांगे.

सर्वांत कडू प्रकरण जो लुईचे. तो तरुण पुढे येत होता. त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला नियम घालून दिले : जिंकल्यावर हसायचे नाही, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही. म्हणजे थोडक्यात, जॉन्सन व्हायचे नाही. जॉन्सनला हे लागले असणार. ठोसा मारल्यावर लुईचा डावा हात खाली पडतो हे त्याने अचूक हेरले होते. १९३६ मध्ये त्याने लुईविरुद्ध जर्मन मॅक्स श्मेलिंगवर पैसे लावले, जिंकला, आणि हार्लेमच्या रस्त्यात नोटा मिरवल्या. ज्या लोकांनी त्याच्यापायी डोकी फोडून घेतली होती, तेच त्या दिवशी त्याच्यावर खवळले. पुढच्याच वर्षी लुई विश्वविजेता झाला.

१० जून १९४६ रोजी नॉर्थ कॅरोलिनात त्याची मोटार खांबावर आदळली. वाटेत एका उपाहारगृहात काळा म्हणून त्याचा अपमान झाला आणि तो रागाने भरधाव निघाला, असे सांगतात. वय अडुसष्ट. शिकागोत अंत्ययात्रेला हजारो लोक आले. हार्लेमचा राग तोवर विरला असावा. एटाच्या शेजारी त्याला पुरले. थडग्याला बराच काळ दगडही नव्हता. नंतर जो लागला त्यावर फक्त आडनाव होते.

मग गोष्टी पुन्हा सुरू झाल्या. १९६८ मध्ये त्याच्या जीवनावर बेतलेले नाटक ब्रॉडवेवर गाजले. तेव्हा अलीची पदवी काढून घेतलेली होती. तो ते पाहायला गेला. माइल्स डेव्हिसने त्याच्यावरच्या माहितीपटाला संगीत दिले, ते १९७१ मध्ये ध्वनिमुद्रिकेवर निघाले. २००९ मध्ये काँग्रेसने त्याला माफी द्यावी असा ठराव केला, आणि २४ मे २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ती दिली. शिक्षेला तोवर एकशे पाच वर्षे झाली होती.

आणि रेनोचा तो चित्रपट, जो राज्याच्या हद्दीपार नेणे एकेकाळी गुन्हा होता, तो २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत जतन करण्यासाठी घेतला गेला. आता तो कोणालाही पाहता येतो. चित्र धूसर आहे, आवाज नाही. कॉर्बेट काय ओरडतो ते ऐकू येत नाही, जॉन्सन काय उत्तर देतो तेही नाही. फक्त जेफ्रीजच्या खांद्यावरून तो कोणाकडे तरी पाहून हसताना दिसतो.